झुरळांना औषधाची ‘सवय’ होत नाही

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये दर तीन महिन्यांनी पाठीवर पंप लावून एक तरुण येतो. ओट्याखाली, मोरीत, फ्रिजच्या मागे आणि जिन्याजवळच्या चेंबरवर फवारा मारतो, वहीत सही घेतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. काही वर्षांपूर्वी या फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली झुरळे केरसुणीने गोळा करावी लागत. आता त्याच रात्री ती गॅसच्या शेगडीभोवती निवांत फिरताना दिसतात. मी त्याला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सवय होऊन गेली ना सर यांना औषधाची. डोस वाढवावा लागते.’’

या उत्तरातले दोन शब्द मला गेले काही महिने छळत आहेत. पहिला शब्द ‘औषध’. कपाशीवर मारतात तेही औषध, ढेकणांवर मारतात तेही औषध आणि झुरळांवर मारतात तेही औषधच; विषाला औषध म्हणण्याची आपल्या भाषेची ही खोड इतकी मुरलेली आहे की ‘जास्त औषध म्हणजे जास्त गुण’ हा हिशेब आपण न बोलताच मान्य करतो. दुसरा शब्द ‘सवय’, आणि तो अधिक घातक आहे. सवय एकाच जीवाला, त्याच्या आयुष्यात लागते. तंबाखूची लागते, चहाची लागते. फवारणीत सापडलेल्या झुरळाला मात्र सवय लावून घ्यायला सहसा वेळच मिळत नाही. ते एक तर मरते किंवा जन्मतः अंगात असलेल्या एखाद्या गुणामुळे वाचते, आणि वाचलेल्यांचीच पिल्ले पुढे त्या ओट्याखाली वाढतात. फवारणीचा तरुण ज्याला सवय म्हणतो, ती प्रत्यक्षात निवड आहे, आणि ही निवड करणारे आपणच आहोत. शहरातला कीटकनियंत्रणाचा प्रश्न यापुढे जनुकशास्त्राचा प्रश्न म्हणून हाताळला पाहिजे आणि घराघराने स्वतंत्र न सोडवता इमारतीने व शहराने मिळून सोडवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या घरात मुख्यतः दोन जातींची झुरळे येतात. चेंबरमधून, पहिल्या पावसात तर उडतच, आत येणारे मोठे तांबूस झुरळ ते ‘अमेरिकन’. फ्रिजच्या मोटरपाशी, मिक्सरच्या बुडाशी, ओट्याच्या फटीत शेकड्यांनी राहणारे लहान, पिवळट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या रेघा असलेले झुरळ ते ‘जर्मन’. दोन्ही नावे फसवी आहेत. अमेरिकन झुरळाचे मूळ आफ्रिकेकडचे. जर्मन झुरळाचा छडा तर २०२४ मध्ये लागला: १७ देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या जनुकांची तुलना करून संशोधकांनी दाखवले की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात ‘आशियाई’ झुरळापासून वेगळी झाली, सुमारे १२०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियाकडे गेली आणि युरोपीय व्यापारी जहाजांच्या काळात जगभर पसरली. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये तिला जर्मनीचे नाव दिले, ते आजवर चिकटून आहे. म्हणजे ज्याला आपण जर्मन म्हणतो तो पाहुणा सातवाहनकाळाच्या आसपास आपल्याच मुलखात माणसाच्या घरात शिरलेला आहे. त्याचा आशियाई भाऊबंद आजही मोकळ्यावर, पालापाचोळ्यात राहतो, चांगला उडतो आणि दिव्याकडे झेपावतो. घरात शिरलेल्याने उडणे सोडले आणि उजेड टाळायला सुरुवात केली. आज या जातीला रानात कुठेही घर नाही. ती जिथे सापडते तिथे माणूस असतोच, आणि म्हणून तिच्या जनुकांत गेल्या काही शतकांत जे बदल टिकले, त्यांतले बरेचसे आपल्या स्वयंपाकघरांनी टिकवले आहेत.

हे टिकणे कसे घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉईड गटाची विषे झुरळाच्या मज्जातंतूवरील सोडियम वाहिनी, म्हणजे संदेश नेताना उघडझाप करणारे सूक्ष्म दार, उघडी ठेवतात. मज्जातंतू थांबायचे विसरतो आणि झुरळ उताणे पडून पाय झाडत मरते. या वाहिनीचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला, एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले, की विषाला तिथे नीट पकड मिळत नाही. दुसऱ्या काही झुरळांत विष फोडणारी एन्झाइमे अधिक प्रमाणात तयार होतात. या दोन्ही गोष्टी एकाच झुरळात एकत्र आल्या, तर डोस दुप्पट करून फारसे काही साधत नाही. वाचणाऱ्यांची चाळणी तेवढी अधिक बारीक होते. हे काही नवे नाही. अमेरिकेत टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे क्लोरडेन या विषाला न जुमानणारी जर्मन झुरळे १९५० च्या दशकाच्या आरंभीच नोंदवली गेली होती. त्यानंतर एकामागून एक नवी विषे आली आणि बहुतेकांच्या वाट्याला हेच आले.

पण मला सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट विषाची नसून गोडाची आहे. १९८० च्या दशकात फवारणीऐवजी आमिष वापरण्याची पद्धत रूढ झाली. विष गोड पदार्थात मिसळायचे आणि झुरळाने ते स्वतःहून खायचे. काही वर्षे हे उत्तम चालले. मग फ्लोरिडातील एका ठिकाणची झुरळे आमिषाला तोंडच लावीनात. कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी आमिषातला एकेक घटक वेगळा करून पाहिला आणि १९९३ मध्ये दाखवले की झुरळे टाळत होती ते विष नसून ग्लुकोज होते. हा नावडीचा गुण मुख्यतः एकाच जनुकामार्फत पिल्लांकडे जात होता. पुढे २०१३ मध्ये आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी त्याचे यंत्र उलगडले. झुरळाच्या तोंडाजवळच्या केसांत गोड ओळखणाऱ्या आणि कडू ओळखणाऱ्या वेगवेगळ्या चेतापेशी असतात. या झुरळांमध्ये कडू ओळखणारी पेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद देऊ लागली होती. साखरेचा एक प्रकार त्यांना अक्षरशः कडू लागत होता. माणसाने आमिषात ग्लुकोज घातले नसते, तर ही विकृती जगण्याच्या दृष्टीने तोट्याचीच ठरली असती, कारण अन्न टाळणारा प्राणी हळू वाढतो. पण आमिषाच्या शेजारी उपाशी राहणारेच जिवंत राहिले आणि तोटा हाच फायदा झाला.

याचे पडसाद त्यांच्या संसारातही उमटले. नर झुरळ मादीला जवळ आणण्यासाठी पाठीवरच्या ग्रंथींतून गोड द्राव पुरवतो. ती तो चाखत असतानाच मिलन घडते. त्या द्रावातली माल्टोजसारखी शर्करा मादीच्या लाळेने फुटून ग्लुकोज होते आणि ग्लुकोज कडू लागणारी मादी अर्ध्यातच निघून जाते. पुढच्या संशोधनात असे दिसले की अशा झुरळांतल्या नरांच्या द्रावाची घडण बदलली आहे आणि ते मिलनही लवकर उरकतात. दुकानातल्या एका गोड आमिषाने एका प्राण्याच्या प्रणयाची रीत बदलावी, याहून नगण्य गोष्टींवर आपल्याकडे परिसंवाद होतात.

आता वाढीचे गणित पाहू, कारण फवारणीच्या आपल्या वार्षिक कराराची सारी चूक तिथेच दडलेली आहे. फुलपाखराप्रमाणे झुरळ कोशात जात नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू हे बिनपंखांचे लहान झुरळच असते आणि ते कात टाकत टाकत मोठे होते. बार्सिलोना येथील झेवियर बेयेस यांच्या गटाने याच जर्मन झुरळावर काम करून दाखवले की बालसंप्रेरकाचा प्रभाव असेपर्यंत एक जनुक प्रौढत्व रोखून धरते आणि तो ओसरला की ‘ई ९३’ हे जनुक सूत्रे हाती घेऊन शेवटची कात टाकायला लावते. ऊब आणि पाणी असेल, तर अंडे ते प्रौढ हा प्रवास दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. जर्मन मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिल्ले बाहेर पडेपर्यंत पोटाला चिकटवून हिंडते. टॉर्चच्या उजेडात नीट पाहिले, तर तिच्या मागे लहानशा राजम्याच्या दाण्यासारखी ती दिसते. त्या पेटीच्या कवचाआड फवारा सहसा पोहोचत नाही. म्हणजे फवारणीतून वाचलेली मादी आपली पिल्ले फवारा मवाळ झाल्यावर बाहेर सोडते आणि ती वयात येतात नेमकी तेव्हा पंपवाला पुन्हा दारात उभा असतो. दर तीन महिन्यांची फेरी म्हणजे साधारण दर पिढीला एक चाळणी. प्रयोगशाळेत प्रतिकारक्षम झुरळांचा वाण मुद्दाम तयार करायचा असता, तर वेळापत्रक याहून फारसे वेगळे आखावे लागले नसते. फरक एवढाच की तिथे संशोधकाला पगार मिळतो आणि इथे आपण पैसे भरतो.

हे सारे नागपूरकराला नवे वाटण्याचे कारण नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच शहरात आहे आणि गुलाबी बोंडअळीची कहाणी विदर्भातल्या घराघरांत ठाऊक आहे. २००२ मध्ये एका जनुकाचे बीटी बियाणे, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार करणारे, आले, २००६ मध्ये दोन जनुकांचे आले. अळीने आधी पहिल्याला आणि मग दुसऱ्यालाही दाद देणे सोडले आणि २०१७ च्या खरिपात विदर्भाची बोंडे आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात असे. ते कडेने पेरायचे, म्हणजे त्यावर जगलेली साधी अळी प्रतिकारक्षम अळीशी संकर करील आणि प्रतिकाराचे जनुक पातळ होत राहील, असा त्यामागचा विचार होता. तो शेतकऱ्यापर्यंत नीट पोहोचवण्याचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत, आणि बरीचशी ती पाकिटे बांधावरच राहिली. तेव्हा शहरातले आम्ही सुशिक्षित लोक ‘शेतकऱ्यांना विज्ञान कळत नाही’ असे बोलत होतो. आमच्या ओट्याखाली तेच विज्ञान आम्हाला कितपत कळले?

मात्र कापसाचा धडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. बोंडअळीचा पतंग एका शेतातून दुसऱ्या शेतात उडत जातो, म्हणून साध्या अळ्यांचा राखीव पट्टा उपयोगी पडतो. जर्मन झुरळ फारसे हलत नाही. अमेरिकेतल्या सदनिकांमधील झुरळांच्या जनुकीय तपासण्यांत शेजारशेजारच्या इमारतींतल्या झुरळांमध्येही फरक आढळतात. इमारतीबाहेर ते जाते ते बहुधा माणसाच्या सामानातून, किराण्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून. म्हणजे प्रत्येक इमारत हे एक बेट आहे. बेटावर प्रतिकाराचे जनुक एकदा पसरले की ते पातळ करायला बाहेरून कुणी येत नाही. पण त्याच कारणाने एका इमारतीने शहाणपणाने वागायचे ठरवले, तर त्याचे फळ तिचे तिलाच मिळते. एकट्या फ्लॅटला हे शक्य नाही. पाइपांच्या पोकळीतून आणि भिंतीच्या फटींतून झुरळे वरखाली करतात, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खडूची रेघ ओढली की ती तिसऱ्या मजल्यावर येतात, एवढाच त्या रेघेचा उपयोग.

नेमके काय करावे, याबाबत पर्ड्यू विद्यापीठाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मायकेल शार्फ यांच्या या चमूत अमेय गोंधळेकर हे आपल्या ओळखीच्या वळणाचे नावही आहे. त्यांनी इंडियाना आणि इलिनॉय राज्यांतील सदनिकांमध्ये सहा महिने तीन पद्धती वापरून पाहिल्या. वेगवेगळ्या गटांची तीन विषे आलटूनपालटून वापरली तेव्हा झुरळांची संख्या वाढली नाही, पण घटलीही नाही. दोन विषांचे मिश्रण वापरले तिथे संख्या वाढली. एकच विष वापरले तेव्हा निकाल सुरुवातीच्या प्रतिकारावर अवलंबून राहिला: जिथे त्या विषाला प्रतिकार जवळजवळ नव्हता तिथे झुरळे जवळपास नाहीशी झाली आणि जिथे दहा टक्क्यांच्या आसपास होता तिथे ती वाढली. काही ठिकाणी प्रतिकार एकाच पिढीत चार ते सहा पटींनी चढला, आणि तोही न वापरलेल्या विषांविरुद्धसुद्धा. ‘दोन औषधे मिसळून मारू का’ हा आपल्याकडचा हमखास प्रश्न यानंतर तरी थांबावा. आधी मोजा, मग निवडा, असा या प्रयोगाचा मला लागलेला अर्थ आहे.

निदान झुरळे मोजणे तरी अवघड नाही. मी आमच्या इमारतीतल्या काही शेजाऱ्यांच्या परवानगीने फ्रिजच्या मागे चिकट सापळे ठेवले. सकाळी उचलले तेव्हा एका घरातल्या सापळ्यावर फक्त एक होते आणि वरच्या घरातल्यावर मोजता मोजता कंटाळा यावा इतकी होती, त्यांतली बरीचशी तिळाएवढी पिल्ले. त्या घरी कूलरची टाकी रात्रभर गळून ओट्याच्या कोपऱ्यात पाणी साचत होते. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत सारी सृष्टी तहानलेली असताना वाळ्याच्या ताटीतून झिरपणारे ते पाणी झुरळाला अन्नाहून मोलाचे असते. अन्नावाचून ते पाण्याच्या आधारे बराच काळ तग धरते, पाणी तुटले की मात्र त्याचे दिवस भरतात. दोन्ही घरांवर पंपवाल्याने फवारा मात्र सारखाच मारला होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सोज्वळ वाटतो म्हणूनच मला खटकतो: लोकांनी घरे स्वच्छ ठेवली, तर झुरळे होणारच नाहीत. पाणी आणि खरकटे आवरलेच पाहिजे, यात वाद नाही. पण हा आक्षेप बोलला जातो तो बहुधा दाटीच्या वस्तीतल्या, एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरांना उद्देशून, ज्यांच्या मोरीचा पाइप फुटलेला असतो आणि घरमालक फिरकत नाही. झुरळांची विष्ठा आणि गळालेली कात यांतली प्रथिने मुलांचा दमा बळावतात. अमेरिकेतल्या आठ शहरी भागांतील दमेकरी मुलांच्या १९९७ च्या अभ्यासात ३६.८ टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी आढळली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यू ऑर्लिन्समधील अभ्यासात घरांत केवळ कीटकनाशकाची आमिषे योग्य जागी ठेवून मुलांच्या दम्याची लक्षणे कमी झाली. स्वच्छतेचा उपदेश त्यांनी केलाच नव्हता. आधी स्वच्छ व्हा, मग मदत करू, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

दुसरा आक्षेप आशावादी आहे: जनुकसंपादनाचे युग आले आहे, काहीतरी कायमचा तोडगा निघेलच. २०१८ मध्ये अमेरिकन झुरळाचा सुमारे ३४० कोटी अक्षरांचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचला गेला, आकाराने माणसाच्या जीनोमच्या तोडीचा, आणि त्यात चव ओळखणाऱ्या ग्राहकांची पाचशेहून अधिक जनुके आढळली. २०२२ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी पेटीतल्या अंड्यांना हात न लावता प्रौढ मादीलाच टोचून झुरळाचे जनुक बदलून दाखवले. ज्ञान म्हणून हे मोलाचे आहे. पण ज्या प्राण्याची प्रत्येक इमारत बेट आहे, त्याच्यात प्रयोगशाळेतले एखादे जनुक सोडून ते शहरभर पसरेल, ही कल्पना मला तरी पटत नाही. शिवाय हाताशी असलेली साधने आपणच बोथट करीत राहायचे आणि नव्याची वाट पाहायची, हे बीटीच्या बाबतीत एकदा करून झाले आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शेतकऱ्याच्या हातातल्या डब्यावर निदान विषाचे नाव आणि त्याची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. शहरात विष पंपात कालवूनच दारात येते. ज्याच्या स्वयंपाकघरात ते पडते, त्याला त्याचे नाव कळण्याची सोय नाही. कीटकनाशके अधिनियम १९६८ चा आहे आणि त्याखालील नियमांत व्यावसायिक फवारणीला परवाना लागतो. त्या परवान्याच्या अटींत प्रत्येक भेटीनंतर विषाचे रासायनिक नाव आणि गट रहिवाशाला लेखी देण्याची सक्ती करावी. विष कीटकाला कसे मारते यावरून विषांचे क्रमांकाने गट पाडलेले आहेत. गट महत्त्वाचा, कारण सायपरमेथ्रिन बदलून डेल्टामेथ्रिन आणि ते बदलून लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन आणले, तर डबा बदलतो, कंपनी बदलते, पण गट क्रमांक तीनच राहतो. झुरळाच्या लेखी काहीच बदललेले नसते. फिप्रोनिल गट क्रमांक दोनमधले, इमिडाक्लोप्रिड चारमधले. महापालिकेने आपल्या वसाहती, शाळा आणि दवाखान्यांसाठी निविदा काढताना ‘वर्षातून इतक्या फवारण्या’ असे न मोजता सापळ्यात सापडलेल्या झुरळांवर पैसे मोजावेत. सापळ्यात काही नसेल, तर फवारणीही नाही. कंत्राटदारांना हे आवडणार नाही, हे उघड आहे, कारण आजचा त्यांचा नफा फेऱ्यांवर आहे.

आमच्या स्कीमच्या मागच्या सभेत हा विषय मी मांडला, तेव्हा पार्किंगच्या भांडणानंतर उरलेली दहा मिनिटे मला मिळाली. करार रद्द करा, ही माझी सूचना फेटाळली गेली. वहीत एक रकाना वाढवा, ही मान्य झाली. या महिन्यात तो तरुण आला तेव्हा त्याला मी नव्या रकान्यावर बोट ठेवून नाव लिहायला सांगितले. ‘‘कोणतं नाव सर, माझं?’’ असे त्याने विचारले. मग खाली गाडीपर्यंत जाऊन त्याने डबा आणला, चष्मा नसल्याने मी आणि असूनही अक्षर बारीक असल्याने तो, असे दोघांनी मिळून ते वाचले आणि त्याने एकेक अक्षर जुळवत वहीत लिहिले: डेल्टामेथ्रिन. मागच्या तीन वर्षांत काय मारले, असे मी विचारले. तो थोडा थांबून म्हणाला, ‘‘हेच तर मारतो ना आपण नेहमी.’’